व्याह्यांच्या ताटापुढचा पोपट

सन एकोणीसशे नऊ. मी बावीस वर्षांचा होतो. त्या साली वैशाखात माझ्या धाकट्या बहिणीचे लग्न झाले आणि लग्नाच्या पंगतीत मी तिच्या सासऱ्यांच्या ताटापुढे रांगोळीचा एक पोपट काढला.

त्या पोपटाच्या गोष्टी आमच्या आळीत अजून सांगतात. कोणी म्हणतो, पोपट दुसऱ्याच पाहुण्यासाठी होता, पाटांची अदलाबदल झाली. कोणी म्हणतो, तिथे व्याही बसणार हे मला कोणी सांगितलेच नव्हते. हे सगळे मला वाचवायला निघालेले लोक. मला कोणी वाचवायला नको. पोपट त्यांच्यासाठीच काढला होता. त्या पंगतीत जेवलेले आता माझ्याशिवाय कोणी उरलेले नाही. मी काहीही सांगितले तरी खोटे पाडायला कोणी येणार नाही, म्हणूनच जसे झाले तसे सांगतो. दुसरीपर्यंतच्या अक्षरावर लिहितो आहे. एखादे जोडाक्षर चुकले तर वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावे, किंवा घेऊ नये.

शाळा मी एका नकाशावरून सोडली. मास्तरांनी पाटीवर बडोदे राज्याचा नकाशा काढायला सांगितला. ज्यांनी तो पाहिला आहे त्यांना ठाऊक आहे की ते राज्य एका जागी नव्हतेच. एक तुकडा इथे, एक तिकडे वर, एक खाली नवसारीकडे, एक पार काठेवाडात. मला ते पटले नाही. मी सगळे तुकडे जोडून एक हत्ती केला. अमरेलीची सोंड झाली. मास्तर म्हणाले, चूक आहे, पुसून पुन्हा काढ. मी म्हटले, एकदा काढले ते काढले. दुसऱ्या दिवशी पाटी घरीच राहिली आणि मीही. पुढे महाराजांनी शिक्षण सक्तीचे केले, पण तोवर मी सक्तीच्या वयाच्या पलीकडे गेलो होतो. नाहीतर काय झाले असते कोण जाणे.

आमचे आबा सरकारी पागेत स्वार होते. पागा कमी झाली, घोडा गेला, आबा पेन्शनीत आले. तलवार भिंतीवर होती. दसऱ्याला ती खाली यायची आणि दुसऱ्या दिवशी परत वर जायची. मला राजवाड्याच्या फरासखान्यात चिकटवले. बिछायती घालायच्या, मांडव ताणायचे, मेजवानी संपली की सगळे गुंडाळून ठेवायचे. मकरपुऱ्याच्या वाड्यावर मोठ्या पंगती झाल्या की पानांभोवती रांगोळी काढायला पुरुष माणसे असत. चिमटीतून रेघ अशी सुटायची की वाटावे, जमिनीतूनच वर येते आहे. बिछायत घालता घालता मी त्यांचे हात पाहिले. घरी येऊन आईच्या डब्यातली रांगोळी घेतली. महिन्याभरात माझी रेघ आईपेक्षा सरळ झाली. हे आईच म्हणाली, मी नाही.

आबा म्हणाले, "या घरात तलवार होती. आता रांगोळीचा डबा."

"तलवार आहे की अजून," मी म्हटले. "फक्त खाली येत नाही."

ते पायताण चढवून बाहेर गेले.

फुले, वेली, स्वस्तिके सगळेच काढतात. मला त्यांचा कंटाळा होता. आमच्या शेजारी एक गुजराती काका राहत. मांडवीत त्यांचे हळद-कुंकू, गुलाल, निळीचे दुकान होते आणि रंग मी त्यांच्याकडूनच घेई. त्यांच्या नातवाच्या मुंजीत मी काकांच्या पानापुढे एक लठ्ठ हत्ती काढला, सोंडेत पंखा धरून स्वतःलाच वारा घालणारा. काका स्वतः तसेच होते. ते बसले, खाली पाहिले, पोट धरून हसले. आमच्या मराठी पंगतीत कोणी ना कोणी श्लोक म्हणतो हे त्यांना माहीत होते. त्यांनी हात वर केला आणि तिथल्या तिथे म्हणाले,

"हाथी चाले डोलत डोलत, सोंडेत त्याच्या पंखो,
गरमी बहु छे भाई, माझ्या मठ्ठ्यात पाणी नाखो."

नाखो म्हणजे घाला. बडोद्यात हे कोणाला सांगावे लागत नव्हते. सगळी पंगत हसली, वाढपी मठ्ठ्याचे भांडे घेऊन धावला, आणि त्या दिवसापासून रीत पडली. मी ज्याच्या त्याच्या पानापुढे काहीतरी काढायचे, मांजर, माकड, पगडीवाला कावळा, आणि ज्याच्या पुढे जे निघेल त्याने त्यावर दोन ओळी म्हणायच्या. शाळेतल्या असोत, पोथीतल्या असोत, स्वतःच्या असोत. ज्याला येणार नाही त्याच्या पानात एक जिलबी जास्त. काही लोक येत असूनही येत नाही म्हणत, ते जिलबीसाठी. ज्याने चित्र काढले त्याने मात्र काही म्हणायचे नाही. हा नियम माझा. मला यायचेच नाही, हे त्याचे खरे कारण. पण नियम केला की कारण कोणी विचारत नाही.

लोक मुद्दाम बोलवू लागले. चित्र पाहायचे, ओळ ऐकायची, जेवायचे. पंगत उठली की चित्र खरकट्यात जायचे. मला त्याचे काही वाटत नसे. फरासखान्यातही आम्ही तेच करत होतो, घालायचे आणि गुंडाळायचे.

एकदा एका घरी मी आबांच्या पानापुढे घोडा काढला. जीन घातलेला, वर कोणी नाही. आबा असल्या खेळात कधी बोलत नसत. त्यांची पाळी आली तेव्हा वाढपी आपणहून जिलबी घेऊन उभा राहिला. आबांनी हाताने त्याला थांबवले.

"घोडा उभा दारामधे, जीन त्याचे रिकामे,
स्वार आता पेन्शनीत, घोड्याला ना कामे."

कोणी हसले नाही. आबा जेवायला लागले. त्यानंतर डब्याबद्दल ते मला काही बोलले नाहीत.

आता व्याही.

ते डभोईला शाळाखात्यात होते, हेडमास्तर. घराणे पिढ्यान्‌पिढ्या लिहिणाऱ्यांचे. आमचे घोड्यावरचे, त्यांचे कागदावरचे, असे आबा म्हणत. मुलगा चांगला होता, त्याच्याबद्दल मला तेव्हाही काही म्हणायचे नव्हते. व्याही उंच, कोरडे, आणि चष्म्याची एक काडी तुटलेली. तिच्या जागी काळा दोरा बांधून तो कानाभोवती गुंडाळलेला. बोलता बोलता दोऱ्याला हात लावायची सवय. खिशात एक जाड वही. त्यांचे एक वाक्य असे जात नसे की ज्यात दुसरा कोणी बोलत नाही. पाणी मागायचे तरी अमक्याने तहानेबद्दल काय म्हटले आहे ते आधी सांगणार, मग पाणी पिणार.

बोलणी करायला आले तेव्हा दारातल्या रांगोळीपाशी थबकले. मोर होता. मी काढलेला.

"ही घरातल्या कोणी काढली?" त्यांनी आईला विचारले.

"मुलानं," आई म्हणाली.

"अस्सं."

आत येऊन बसले. चहा झाला. मग माझ्याकडे वळले.

"आपलं शिक्षण?"

"दुसरी."

"दुसरी काय?"

"दुसरी इयत्ता. तिसरीत बसलो नाही."

त्यांनी दोऱ्याला हात लावला. "महाराजांनी गावोगाव शाळा काढल्या त्या कोणासाठी, असा प्रश्न पडतो कधी कधी," ते म्हणाले, आणि वही उघडून अडाणी माणसाबद्दल कोणा कोणाचे काय म्हणणे आहे ते वाचून दाखवले. तीन म्हणणी होती. तिन्हींत जनावर होते. आबा मान हलवत होते, कारण मुलीचे बाप होते. मी पण बसून राहिलो, कारण मुलीचा भाऊ होतो. स्थळ पक्के झाले. बहिणीला मुलगा पसंत होता, हे तिने मला स्वयंपाकघरात भाजी निवडताना सांगितले होते, त्यामुळे त्यात मोडता घालायचा प्रश्न नव्हता.

पण ते "अस्सं" राहिले.

लग्नाच्या दिवशी मी पहाटे उठलो. दारापुढे मांडव होता, जमीन आईने आणि मावशीने आदल्या दिवशी सारवून ठेवली होती. चाळीस पाने. पाट मांडले, पानांच्या जागा धरल्या आणि दोन्ही रांगा काढत गेलो. हिरवा रंग मी वाळवलेला पाला वाटून केला होता, काकांच्या दुकानात तसला हिरवा मिळत नसे. काळ्यासाठी चुलीतला कोळसा. सगळ्यांत शेवटी मानाचा पाट राहिला. त्यापुढे मी आधी महिरप काढली, उभ्या उभ्या रेघांची, आणि मधे पोपट. चोच कुंकवाची. पायात उघडी वही. डोळ्यांवर चष्मा. चष्म्याची एक काडी नाही, तिथे कोळशाचा बारीक दोरा, कानाच्या जागेभोवती गुंडाळलेला. पोपटाला कान नसतो. पण दोरा बरोबर बसला.

बहीण पिवळे नेसून, हळदीच्या अंगाने मागच्या दाराने मांडवात आली. नवरीने असे बाहेर यायचे नसते. तिने दोन्ही रांगा पाहिल्या, गालात हसली, आणि पोपटापाशी आल्यावर हसायची थांबली.

"दादा, हे काय आहे?"

"पोपट."

"दोरा बांधलाय त्याला."

"हो."

"ते ओळखतील."

"ओळखावंच."

ती म्हणाली, "तू इथेच राहणार आहेस, दादा. मला त्या घरात जायचंय. ते माहेरी धाडतील तेव्हाच मी इकडे येणार. पोपट राहू दे, चांगला झालाय. चष्मा तेवढा पूस. पानं मांडायच्या आधी पूस."

"बघतो," मी म्हटले.

आई ओरडली तशी ती आत गेली. मी चष्म्याकडे पाहिले. पुसला नाही. त्या वेळी काय विचार केला ते आठवत नाही. केला नसावा.

लग्न लागले. मी रीतीप्रमाणे नवऱ्या मुलाचा कान पिळला, जरा जोरातच, त्याने तक्रार केली नाही. दुपारी पाने मांडली. उदबत्त्या लावल्या. भात वाढला, वरण वाढले, तूप वाढायचे राहिले, कारण तूप व्याही बसल्यावर. सगळे आपापल्या पाटापाशी उभे राहिले. व्याही आधी बसल्याशिवाय कोणी बसत नाही.

ते आले. खाली पाहिले. चष्मा काढला, उपरण्याने पुसला, दोरा परत कानाला गुंडाळला आणि पुन्हा पाहिले.

"हे कोण?"

"पोपट," मी म्हणालो. मी तुपाचे भांडे घेऊन जवळच होतो.

"पोपट दिसतो. डोळ्यांवर काय आहे?"

"चष्मा."

"पोपटाला चष्मा कशाला?"

"वाचतो."

समोरच्या रांगेत कोणीतरी फसकन हसला आणि मग खोकला. व्याही बसले नाहीत.

आबा माझ्या कानाशी आले. "पूस ते. आत्ताच्या आत्ता पूस."

आतून आईचा आवाज आला, "पुसू नका हो! लग्नघर आहे."

तिचेही बरोबर होते. आमच्यात पान मांडल्यावर त्याच्याभोवतीची रांगोळी पुसत नाहीत. रांगोळीशिवाय पान मांडतात ते श्राद्धाला. आणि व्याह्यांना दुसऱ्या पाटावर बसा म्हणायचे म्हणजे मानाच्या पाटावरून उठवायचे. पोपट पुसता येत नव्हता आणि त्याच्यापुढे बसवताही येत नव्हते. भात निवत होता.

"तुझं डोकं त्या नकाशासारखं आहे," आबा दातांतून म्हणाले. "एक तुकडा इथे, एक काठेवाडात."

काकांनी सावरायचा प्रयत्न केला. "अरे साहेब, आ तो मजाक छे. बसा, बसा. माझ्यापुढे बघा, माकड काढलंय. मी काही बोलतो का? माझ्या ओळी ऐका आधी..."

व्याह्यांनी हात वर केला. "काका, तुमची पाळी नंतर." मग आबांना म्हणाले, "पुसायचं कारण नाही. मी पाहिलं ते काही पुसलं जाणार नाही." आणि माझ्याकडे वळले.

"तुमच्या पंगतीची रीत डभोईपर्यंत आली आहे. चित्र ज्याच्यापुढे, त्यानं दोन ओळी म्हणायच्या. बरोबर?"

"बरोबर."

"मी आजवर पुष्कळांच्या ओळी म्हटल्या. आज एकही म्हणणार नाही. ज्यानं पोपट काढला त्यानं म्हणाव्या."

"काढणारा म्हणत नाही. तसा नियम आहे."

"कोणाचा?"

"माझा."

"मग तुम्हाला मोडता येईल," ते म्हणाले. "स्वतःच्या दोन ओळी. कुठून पाठ केलेल्या नकोत, त्या मला ओळखू येतात. त्या म्हटल्यात की मी बसतो. नाहीतर आम्ही मंडळी घेऊन स्टेशनावर जाऊन बसतो."

"आणि मुलगी?" आबांनी विचारले. त्यांचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता.

"मुलगी येईल. लग्न लागलं आहे. पण मग तिनं माझ्या घरात माहेर हा शब्द काढायचा नाही."

हे ते रागाने बोलले नाहीत. शाळेत वेळापत्रक सांगावे तसे सांगितले. म्हणून सगळ्यांना कळले की ते खरे करतील.

स्वयंपाकघराच्या दारात बायका दाटल्या होत्या. त्यांच्यात बहीण होती. तिच्या हातात चुडा नवा होता, सकाळपासून ती हलली की ऐकू यायचा. आता ऐकू येत नव्हता.

मी शेकडो पानांपुढे चित्रे काढली होती. लोकांनी माझ्यामुळे शेकडो ओळी म्हटल्या होत्या. माझी स्वतःची एक नव्हती. कोणी म्हणेल, माफी मागायची होती. ती मी मागितली नसती, आणि त्यांनी मागितलीही नव्हती. त्यांनी मागितले ते त्याहून अवघड होते.

मी खाली पाहिले. दुसरे पाहण्यासारखे काही नव्हते. महिरपीच्या उभ्या रेघा, त्यांच्या आत पोपट. सकाळी मला ती महिरप वाटली होती. आता तो पिंजरा दिसत होता, गजांसकट. तसा मी काढला नव्हता. जेवणारा बसतो त्या बाजूला महिरप मोकळी ठेवतात, नाहीतर त्याने हात कुठून घालायचा. तेवढी एक बाजू उघडी होती.

मी तुपाचे भांडे खाली ठेवले आणि म्हणालो,

"राघू तुमचा पिंजऱ्यातला, शिकला आहे फार,
मैना आमची येते तिथे, उघडं ठेवा दार."

पहिली ओळ मी त्यांच्याकडे पाहून म्हटली. दुसरी ताटाकडे पाहून.

व्याही दोऱ्याशी चाळा करत उभे होते.

"पुन्हा म्हणा," ते म्हणाले.

"मी एकदाच म्हणतो."

"अरे!" आबा म्हणाले. नुसते अरे. आणि तिकडे दारात चुडा एकदा वाजला.

मी पुन्हा म्हटले. एकदा केलेले सांगितल्यावरून दुसऱ्यांदा करणे, हे मी आयुष्यात त्याच वेळी केले. नकाशाच्या मास्तरांनी ते पाहायला हवे होते.

व्याही बसले. "वाढा," ते म्हणाले.

चाळीस माणसे एकदम खाली बसली, पाटांचा आवाज झाला. मी तूप वाढत गेलो. एक थेंब बाहेर पडला नाही. मग काकांनी माकडावर काहीतरी म्हटले आणि लोक हसले, जरा जास्तच. पाळी फिरत फिरत पुन्हा मानाच्या पाटाशी आली. काकांना राहवले नाही.

"साहेब, तुम्ही तर काही बोललाच नाहीत. कायदो एटले कायदो! जिलबी!"

मला वाटले आता पुन्हा उठतात. पण व्याह्यांनी जिलबी पानात वाढून घेतली आणि दंड भरावा तशी, न बोलता, पूर्ण खाल्ली. तोंडावरून ती आवडली की नाही ते कळले नाही. सबंध जेवणात पोपटावर त्यांनी भाताचे एक शीत सांडले नाही. सवयीने की ठरवून, तेही कळले नाही.

हात धुतल्यावर त्यांनी वही काढली, पेन्सिल ओली केली.

"कोणाचं म्हणून लिहू?" त्यांनी मला विचारले.

"पोपटाचं."

त्यांनी काहीतरी लिहिले. उलट्या बाजूने मला ते वाचता आले नाही, आणि सुलट दाखवा असे मी म्हणणार नव्हतो.

तिसऱ्या प्रहरी आम्ही त्यांना छोट्या गाडीवर पोचवायला गेलो. डबे लहान, वऱ्हाड मोठे. आई आणि मावशी रडत होत्या, आबा सामान मोजत होते, पुन्हा पुन्हा. व्याही फलाटावर माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. काही वेळ इंजिनाकडे पाहत होते.

"डभोईला चार दरवाजे आहेत," ते म्हणाले. "पाहिलेत कधी?"

"नाही."

"त्यातला एक बडोद्याकडे उघडतो."

हे कोणाचे म्हणणे आहे ते त्यांनी सांगितले नाही. मी वाट पाहिली, पण ते डब्यात चढले. मला वाटते, मी त्यांच्या तोंडून ऐकलेले त्यांचे स्वतःचे असे ते पहिले वाक्य. पुढे फारशी ऐकली नाहीत.

बहीण खिडकीत बसली होती. डोळे लाल होते, पण माझ्याशी बोलताना रडली नाही.

"पुसला नाहीस ना चष्मा."

"नाही."

"मला ठाऊक होतं," ती म्हणाली. "मैना काय, दादा! ती किती ओरडते ठाऊक आहे का? मी कुठे ओरडते?"

"ओरडायला शीक. उपयोगी पडेल."

गाडी हलली. छोटी गाडी हळू चालते, तिच्याबरोबर बराच वेळ चालता येते. मी चाललो नाही.

पुढचे विचाराल तर ती येत गेली. पहिल्या वर्षी नागपंचमीला आली, दिवाळीला नाही. एका वर्षी दोन्हीला आली. एकदा आबा आजारी असताना चार दिवस उशिरा आली, तेव्हा ते बरे होऊन ओट्यावर बसले होते. दार उघडे राहिले असे म्हणता येईल. सताड म्हणता येणार नाही. इतर घरांचे पाहिले तर बरेच म्हणायचे. व्याह्यांत आणि माझ्यात सलोखा वगैरे झाला नाही. आम्ही एकमेकांना नमस्कार करत होतो.

त्या संध्याकाळी घरी आलो तेव्हा मांडव तसाच होता. मुलगी सासरच्या वाटेवर असताना मागे केर काढत नाहीत, म्हणून कोणी कशाला हात लावला नव्हता. पत्रावळी तेवढ्या उचलल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठलो तेव्हा आई शेणाची पाटी आणि पाणी घेऊन मांडवात आली होती. रांगांमधली बहुतेक चित्रे पायांखाली गेली होती. काकांचे माकड अर्धे होते. दुसऱ्या रांगेतल्या एका हत्तीला मुंग्या लागल्या होत्या. मानाच्या पाटापुढचा पोपट मात्र जसाच्या तसा होता, वही, दोरा, चोच, सगळे.

"सारवू का?" आईने विचारले.

"थांब जरा," मी म्हटले.

उकिडवा बसलो. अंगठा पाण्यात बुडवला आणि चष्मा पुसला. आधी दोरा, मग एक भिंग, मग दुसरे. कोळसा हिरव्यात थोडा पसरला, पण खालचे डोळे नीट निघाले. मग हात झटकून उठलो आणि आईला म्हटले, आता सारव.